मिनेसोटाची २१ हजार मतं: कीथ एलिसन यांची खरी कसोटी

जानेवारी २००७ मधलं एक छायाचित्र अनेक वाचकांना आठवत असेल. अमेरिकी संसदेवर निवडून आलेले पहिले मुसलमान, कीथ एलिसन, कुरआनवर हात ठेवून उभे आहेत. हा कुरआन साधा नव्हता. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली ती दोन खंडांची इंग्रजी प्रत होती. जॉर्ज सेल यांनी केलेला तो अनुवाद जेफरसन यांनी विद्यार्थीदशेत, १७६५ मध्ये विकत घेतला होता. खरं तर सभागृहातली अधिकृत शपथ सगळे सदस्य एकत्र, हात वर करून घेतात. त्यावेळी कोणताही ग्रंथ लागत नाही. ग्रंथ असतो तो नंतरच्या छायाचित्राच्या समारंभात. तरीही या कुरआनवरून अमेरिकेत केवढा गदारोळ झाला! व्हर्जिनियाचे खासदार व्हर्जिल गुड यांनी मतदारांना पत्र लिहून, वेळीच सावध झालो नाही तर असे आणखी लोक निवडून येतील, असा इशारा दिला. एलिसन यांनी जेफरसन यांचीच प्रत मागवून त्याला न बोलता उत्तर दिलं.

आपण बहुतेक जण या छायाचित्रापाशीच थांबतो. अभिमान वाटतो, तो आपण एकमेकांना पाठवतो आणि विसरून जातो. पण एलिसन यांच्या राजकारणातला मोठा प्रसंग हा नाही. तो पंधरा वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२२ रोजी घडला. त्या दिवशी मिनेसोटा राज्यात सुमारे २५ लाख लोकांनी मत दिलं आणि ॲटर्नी जनरलपदाची निवडणूक एलिसन सुमारे २१ हजार मतांनी जिंकले. शंभरातल्या एका मताचाही फरक नव्हता. ही लढत इतकी अटीतटीची का झाली आणि त्यातून आपल्याला काय समजून घेता येईल, याबद्दल हा लेख आहे.

हे पद नेमकं काय असतं?

आधी पदाची ओळख करून घेऊ, कारण आपल्याकडे असं पद नाही. भारतीय राज्यघटनेच्या १६५व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक राज्याला एक महाधिवक्ता असतो. त्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. महाराष्ट्राचे महाधिवक्ता राहिलेले गुलाम वहानवटी पुढे २००९ मध्ये भारताचे महान्यायवादी झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले मुसलमान. या दोन्ही पदांसाठी त्यांना कुणाच्या दारात मत मागायला जावं लागलं नाही. कायद्याचं ज्ञान आणि सरकारचा विश्वास पुरेसा होता.

अमेरिकेत वेगळं आहे. तिथल्या ५० पैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरल थेट जनता निवडते. तो राज्य सरकारचा वकील असतोच, शिवाय ग्राहकांच्या वतीने मोठमोठ्या कंपन्यांना कोर्टात खेचणं हेही त्याचं काम असतं. त्याला पक्ष असतो, प्रचार असतो, जाहिराती असतात, देणगीदार असतात. न्यायालयात उभं राहणारा माणूस चार वर्षांनी मतदारासमोरही उभा राहतो.

मिनेसोटात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या राज्यात ८७ काउंटी आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. खून, दरोडा, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांचे खटले त्या त्या काउंटीचा सरकारी वकील चालवतो आणि तोही निवडून आलेला असतो. राज्याच्या ॲटर्नी जनरलला असा खटला सहसा स्वतःहून हातात घेता येत नाही. काउंटीने मदत मागितली किंवा राज्यपालांनी सोपवलं, तरच तो त्यात उतरतो. सामान्य मतदाराला हा बारकावा माहीत नसतो. २०२२ चा सगळा प्रचार याच बारकाव्याभोवती फिरला, म्हणून तो आधीच सांगून ठेवला.

डेट्रॉइटपासून मिनियापोलिसपर्यंत

एलिसन यांचा जन्म १९६३ चा, डेट्रॉइटचा. घर कृष्णवर्णीय कॅथलिक. वेन स्टेट विद्यापीठात शिकत असताना, विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढे कायदा शिकायला मिनेसोटात आले, १९९० मध्ये पदवी घेतली आणि मिनियापोलिसमध्येच स्थिरावले. गरिबांना फौजदारी खटल्यांत वकील मिळवून देणाऱ्या एका संस्थेचे ते संचालक होते. २००२ मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि २००६ मध्ये वॉशिंग्टनला गेले.

त्यांच्या वाटेत काटेही होते आणि त्यातले काही त्यांचे स्वतःचे होते. नव्वदच्या दशकात त्यांनी लुई फराखान यांच्या पुढाकाराने निघालेल्या 'मिलियन मॅन मार्च'साठी काम केलं होतं. फराखान यांची यहुदीद्वेष्टी वक्तव्यं सर्वांना ठाऊक आहेत. २००६ च्या निवडणुकीत हा विषय निघाला तेव्हा एलिसन यांनी स्थानिक यहुदी संघटनेला पत्र लिहिलं, त्या द्वेषाचा निषेध केला आणि तो आपण वेळीच ओळखायला हवा होता हे मान्य केलं. पण राजकारणात एकदा दिलेलं स्पष्टीकरण पुरत नाही. दर निवडणुकीत ते नव्याने द्यावं लागतं.

२०१७ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि टॉम पेरेझ यांच्याकडून थोडक्यात हरले. लोकसभेसारख्या सभागृहातली त्यांची जागा मात्र भक्कम होती. मिनियापोलिस शहराचा हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. तिथे ते आयुष्यभर निवडून येऊ शकले असते.

२०१८: सुरक्षित जागा सोडली

जून २०१८ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट घडली. मिनेसोटाच्या तत्कालीन ॲटर्नी जनरल लोरी स्वॉन्सन यांनी अचानक राज्यपालपदासाठी अर्ज भरला. जागा रिकामी झाली. अर्ज भरण्याच्या अगदी शेवटच्या दिवशी, ५ जूनला, एलिसन यांनी संसदेची जागा सोडून या पदासाठी अर्ज दाखल केला. त्यांच्या रिकाम्या मतदारसंघातून इल्हान उमर उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या.

शहराच्या मतदारसंघातून निवडून येणं आणि अख्ख्या राज्यातून निवडून येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिनेसोटात सोमाली मुसलमानांची मोठी वस्ती आहे, अमेरिकेतली सर्वात मोठी. तरीही राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान मूठभरच. चारातले तीन लोक गोरे आहेत. उत्तरेला खाणी आणि जंगल, पश्चिमेला मका-सोयाबीनची शेती, लहान लहान गावं. तिथे एखादा शेतकरी कीथ एलिसन या नावापुढे खूण करील का, हा प्रश्न होता.

त्यातच ऑगस्टमध्ये, पक्षांतर्गत निवडणुकीच्या तोंडावर, त्यांच्या एका माजी मैत्रिणीने छळाचा आरोप केला. एलिसन यांनी तो नाकारला. पक्षाने नेमलेल्या वकिलाने चौकशी केली आणि आरोपाला पुरेसा आधार मिळाला नाही, असा अहवाल दिला. चौकशी पक्षानेच नेमलेली, म्हणून विरोधकांचं समाधान झालं नाही. हा भाग मी मुद्दाम लिहितो आहे. 'आपला' माणूस म्हटलं की त्याच्यावरचे आरोप वगळून चरित्र लिहायची आपल्याला सवय आहे. तसं लिहिलेलं चरित्र मुलांना शिकवायलाही उपयोगी पडत नाही.

समोर रिपब्लिकन पक्षाचे डग वॉर्डलो होते. निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्या एका भाषणाचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. निवडून आल्यावर कार्यालयातले ४२ डेमोक्रॅट वकील काढून रिपब्लिकन वकील आणू, असं ते त्यात आपल्या समर्थकांना सांगत होते. सरकारी वकिलाचं कार्यालय पक्षाचं असतं की राज्याचं, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. एलिसन सुमारे ४९ विरुद्ध ४५ टक्के मतांनी जिंकले. अमेरिकेच्या इतिहासात राज्यव्यापी पदावर निवडून आलेले ते पहिले मुसलमान ठरले.

पुढची दीड वर्षं त्यांनी जे काम केलं ते फारसं बातम्यांत आलं नाही. कामगारांची मजुरी बुडवणाऱ्या मालकांविरुद्ध स्वतंत्र विभाग काढला. शाळकरी मुलांना ई-सिगारेटची चटक लावल्याबद्दल जूल कंपनीवर डिसेंबर २०१९ मध्ये खटला भरला. इन्सुलिनच्या किमतींचा आधीपासूनचा खटला पुढे चालवला. ॲटर्नी जनरलचं खरं काम हेच. पण मे २०२० नंतर या कामाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये डेरेक शॉविन या पोलिस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर ९ मिनिटं २९ सेकंद गुडघा दाबून धरला आणि फ्लॉइड यांचा जीव गेला. १७ वर्षांच्या एका मुलीने ते मोबाइलवर टिपलं. शहर पेटलं, मग देश पेटला. राज्यपाल टिम वॉल्झ यांनी ३१ मे रोजी हा खटला एलिसन यांच्याकडे सोपवला.

अमेरिकेत कर्तव्यावरच्या पोलिसाला खुनाची शिक्षा होणं किती दुर्मीळ आहे, हे एलिसन यांना चांगलं माहीत होतं. वकिली करताना ते आयुष्यभर आरोपीच्या बाजूला बसले होते. आता ते सरकारी पक्षाच्या बाजूला आले. तीन दिवसांत त्यांनी शॉविनवरचा आरोप वाढवला आणि बाजूला उभ्या असलेल्या तीन पोलिसांनाही आरोपी केलं. बाहेरच्या नामवंत वकिलांना विनामूल्य काम करायला राजी केलं. भारतीय वंशाचे नील कत्याल हे त्यांपैकी एक. स्वतः मात्र ज्युरीसमोर युक्तिवाद केला नाही, ते काम सहकाऱ्यांवर सोपवलं. सरकारी पक्षाने ज्युरीला सांगितलं की हा खटला पोलिस दलाविरुद्ध नाही, एका माणसाने जे केलं त्याविरुद्ध आहे. खुद्द मिनियापोलिसच्या पोलिस प्रमुखांनी शॉविनविरुद्ध साक्ष दिली. २० एप्रिल २०२१ रोजी ज्युरीने तिन्ही आरोपांत शॉविनला दोषी ठरवलं. जूनमध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

निकालानंतर एलिसन जे बोलले ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांचं म्हणणं असं होतं की याला मी न्याय म्हणणार नाही. न्याय म्हणजे जे गेलं ते परत मिळणं. ही जबाबदारीची निश्चिती आहे आणि न्यायाकडे जाणारं पहिलं पाऊल तेवढं आहे. उर्दूत आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, इन्साफ आणि जवाबदेही. 'इन्साफ' हा शब्द 'निस्फ' म्हणजे अर्धा, याच धातूपासून आला आहे. दोन्ही बाजूंना समसमान वाटा, असा त्याचा मूळ भाव. फ्लॉइड यांच्या मुलीला तिचा वाटा कोणतं न्यायालय देणार होतं? मिळाली ती जवाबदेही. या दोन शब्दांतली गल्लत आपण रोज करतो आणि म्हणून एका निकालावर समाधान मानून घरी जातो.

२०२२: भीतीच्या वातावरणातली निवडणूक

मिनियापोलिसमध्ये मात्र गुन्हे वाढत होते. २०२१ मध्ये शहरातल्या खुनांची संख्या १९९५ च्या विक्रमाजवळ जाऊन पोहोचली. रस्त्यात गाडी अडवून ती पळवण्याचे प्रकार उपनगरांपर्यंत गेले. पोलिस दलातून अनेक जण बाहेर पडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये शहराच्या मतदारांपुढे एक प्रस्ताव आला. पोलिस विभागाच्या जागी व्यापक असा सार्वजनिक सुरक्षा विभाग आणावा, असा तो होता. एलिसन यांनी त्याला पाठिंबा दिला. शहराने तो सुमारे ५६ विरुद्ध ४४ टक्क्यांनी फेटाळला. नाकारणाऱ्यांत गुन्ह्यांची झळ सोसणाऱ्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधलेही पुष्कळ लोक होते. त्यांना चांगली पोलिस यंत्रणा हवी होती. ती असावीच की नाही, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

विरोधकांना आयतं हत्यार मिळालं. रिपब्लिकन पक्षाने जिम शुल्ट्झ या तरुण वकिलाला उभं केलं. वय छत्तीसच्या आसपास, हार्वर्डमधून कायदा शिकलेले, राजकारणात नवखे, बोलायला सौम्य. त्यांचा प्रचार एका वाक्यात सांगता येईल. ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात फौजदारी खटले चालवणारे वकील जेमतेम तीन आहेत, मी तिथे मोठी फौज उभी करीन. पोलिसांची राज्यव्यापी संघटना त्यांच्यामागे गेली. अनेक काउंटींचे शेरीफ त्यांच्या जाहिरातींत झळकले.

एलिसन यांचं उत्तर खरं होतं, पण लांबलचक होतं. फौजदारी खटले काउंटीचे असतात. मी वकील वाढवायला विधिमंडळाकडे पैसे मागितले होते, रिपब्लिकन बहुमत असलेल्या सिनेटने ते दिले नाहीत. जिथे काउंटीने बोलावलं तिथे आम्ही गेलो. सगळं बरोबर. पण घाबरलेल्या माणसाला कायद्याची कलमं समजावून सांगणं अवघड असतं. 'मी गुन्हेगारांना धडा शिकवीन' हे वाक्य पाच सेकंदांत संपतं.

एलिसन यांनी जोर दिला तो गर्भपाताच्या प्रश्नावर. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क काढून घेतला होता आणि शुल्ट्झ गर्भपातविरोधी संघटनेच्या मंडळावर राहिलेले होते. इथे आपल्या काही वाचकांच्या कपाळावर आठ्या येतील. मुसलमान नेत्याने हा मुद्दा घेऊन मतं मागावीत का? पण ते मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून उभे नव्हते. राज्याचा वकील म्हणून उभे होते आणि आपल्या मजहबचा नियम इतरांना लागू करणं हे त्या पदाचं काम नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या मताशी असहमत होता येईल. मात्र बहुसंख्याकांच्या धर्माचा कायदा आपल्यावर लादू नये, अशी मागणी करणाऱ्या अल्पसंख्याकाला दुसरी भूमिका घेणं कठीण आहे.

सप्टेंबरमध्ये आणखी एक धक्का बसला. कोविडच्या काळात गरीब मुलांच्या जेवणासाठी आलेल्या सरकारी पैशांत सुमारे २५ कोटी डॉलरचा घोटाळा झाल्याचा आरोप ठेवून केंद्रीय यंत्रणेने ४७ जणांना आरोपी केलं. त्यांतले बरेच जण सोमाली समाजातले होते. राज्याच्या वकिलाने हे वेळीच का थांबवलं नाही, असा सवाल शुल्ट्झ यांनी केला. आपल्या कार्यालयाने शिक्षण विभागाला आणि तपासाला साहाय्यच केलं, असं एलिसन यांचं उत्तर होतं. काही जणांनी अनाथ-गरिबांच्या घासावर हात मारला आणि त्याचा हिशेब संपूर्ण समाजाकडे मागितला गेला. हा अनुभव आपल्याला अनोळखी नाही. पण चोरी ही चोरीच होती, आणि गरिबांच्या अमानतीत खयानत करणाऱ्याचं समर्थन समाजाच्या नावावर करता येत नाही.

पाहण्यांचे आकडे अटीतटीचे होते. काहींत शुल्ट्झ पुढे होते. १९६६ नंतर मिनेसोटात एकही रिपब्लिकन या पदावर निवडून आला नव्हता. आता ती साखळी तुटणार, असं अनेकांना वाटत होतं. मतदानाला दोन आठवडे उरले असताना, २४ ऑक्टोबरला, फ्लॉइड खटल्यातल्या आणखी एका पोलिसाने गुन्हा कबूल केला. एलिसन कोर्टात जिंकत होते आणि निवडणुकीत अडखळत होते.

निकाल काय सांगतो?

त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, त्याच पक्षाच्या राज्यपाल वॉल्झ यांना सुमारे १ लाख ९२ हजारांचं मताधिक्य दिलं. एलिसन यांना सुमारे २१ हजारांचं. टक्केवारी साधारण ५०.४ विरुद्ध ४९.५. दुसऱ्या दिवशी शुल्ट्झ यांनी पराभव मान्य केला. २०२० नंतरच्या अमेरिकेत इतक्या कमी फरकाने हरलेल्या माणसाने आरडाओरड न करता निकाल स्वीकारावा, हेही नोंदवण्यासारखं आहे.

वॉल्झ यांना मत देऊन एलिसन यांना न देणारे हजारो लोक कोण होते? त्यात पोलिसांविषयीची सहानुभूती असेल, मिनियापोलिसच्या प्रस्तावाचा राग असेल, गुन्ह्यांची भीती असेल, आणि नाव व मजहब पाहून हात आखडणारेही असतील. ही कारणं एकमेकांत मिसळलेली आहेत. 'मुसलमान असल्यामुळे मतं कमी पडली' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याच मुसलमानाला साडेबारा लाख लोकांनी मत दिलं आणि त्यांतले बहुसंख्य मुसलमान नव्हते, याचं मग काय करायचं?

या निवडणुकीने मला दोन गोष्टींवर विचार करायला लावलं. पहिली, सरकारी वकील निवडून यावा का? मला ही पद्धत आपल्याकडे आणण्यासारखी वाटत नाही. पोलिसाला शिक्षा मिळवून देणाऱ्या वकिलाला त्या कामासाठी मतदारांपुढे जवळपास पद गमवावं लागलं. पुढचा ॲटर्नी जनरल असा खटला हाती घेताना निवडणुकीचा विचार करणार नाही, असं कोण सांगू शकेल? पण आपल्या नेमणुकीच्या पद्धतीवरही समाधान मानता येत नाही. सरकार बदललं की आपल्याकडे महाधिवक्ता बदलतो आणि जनतेला त्याचं नावही माहीत नसतं. मिनेसोटाच्या शेतकऱ्याला निदान आपल्या राज्याचा वकील कोण आणि त्याने काय केलं, हे ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट आपल्या समाजाची. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत, मिनेसोटाच्या मानाने बरेच जास्त. तरी आपली चर्चा 'किती तिकिटं मिळाली' आणि 'कुठे आपली मतं जास्त' एवढ्यावरच संपते. बॅरिस्टर अंतुले श्रीवर्धनमधून विधानसभेत आणि कुलाब्यातून लोकसभेत गेले ते फक्त मुसलमानांच्या मतांवर नव्हे. कोकणातल्या सर्व जातिधर्मांच्या लोकांनी त्यांना मत दिलं, कारण ते त्यांची कामं करत. आज वातावरण वेगळं आहे, वाट अवघड आहे, हे मी नाकारत नाही. पण मजुरी बुडालेला मजूर, महाग औषध घेणारा रोगी, फसवला गेलेला ग्राहक यांच्या बाजूने उभा राहणारा मुसलमान वकील, नगरसेवक, कार्यकर्ता आपल्या किती गावांत आहे?

निवडणुकीनंतर मिनेसोटाच्या विधिमंडळात बहुमत बदललं आणि २०२३ मध्ये एलिसन यांच्या कार्यालयाला फौजदारी वकील वाढवण्यासाठी पैसे मिळाले. ज्या मागणीवरून त्यांना प्रचारभर बोलणी खावी लागली, ती शेवटी त्यांनीच पूर्ण करून घेतली. शपथविधीच्या छायाचित्राशेजारी आपण मुलांना हेही सांगायला हवं.